तांब्याचे छप्पर हिरवे कधी होते? इमारतींच्या बाह्यपृष्ठांचा आढावा

दिल्लीतील राष्ट्रपती भवनाचा मधला घुमट तांब्याच्या पत्र्याने मढवलेला आहे. इमारत १९२९ साली पूर्ण झाली. जवळजवळ शतक लोटले, तरी हा घुमट अजून काळपटच दिसतो. न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा तांबूस होता. वीसेक वर्षांत त्यावर हिरवी झाक पसरली आणि १९२० च्या सुमारास तो पुरता हिरवा झाला. दोन्हीकडे धातू तांबेच. फरक पडला तो भोवतालच्या हवेचा आणि ओलाव्याचा.

इमारतीच्या बाहेरच्या अंगाला तांबे वापरायचे ठरले की वास्तुविशारद, पत्राकाम करणारे कारागीर आणि मालक यांच्यात पहिली चर्चा होते ती रंगाची. कोणता रंग येणार, किती वर्षांनी येणार, आणि तोवर थांबायचे की कारखान्यातून तयार रंगाचाच पत्रा आणायचा? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यात एका वेगळ्या प्रश्नाची भर पडली आहे: पावसाच्या पाण्याबरोबर छपरावरून जे तांबे वाहून जाते, ते जाते कुठे? या चर्चेत आज काय पक्के आहे आणि काय अधांतरी आहे, ते इथे मांडायचे आहे. एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो. तांब्याच्या रंगबदलाचे जे वेळापत्रक सर्रास सांगितले जाते, ते कोळशाच्या धुराने भरलेल्या थंड हवेत तयार झाले आहे. आपल्याकडे ते जसेच्या तसे उचलता येणार नाही.

हिरव्या थराचा शोध

नवा पत्रा उघड्यावर बसवला की काही आठवड्यांतच त्याची चकाकी जाते. ऑक्सिजन आणि ओलावा यांमुळे पृष्ठावर क्युप्राइटचा, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडचा, पातळ थर धरतो. रंग आधी नारिंगी-तपकिरी होतो, मग चॉकलेटी, मग जवळजवळ काळा. इथपर्यंतचा प्रवास बहुतेक हवामानांत सारखाच होतो. या सुरुवातीच्या काळात पत्रा चट्टेरी दिसतो. उचलताना उमटलेले बोटांचे ठसे, सांडलेले तेल, डाख देताना वापरलेले रसायन, सगळे त्यावर दिसते. म्हणून चांगले कारागीर हातमोज्यांशिवाय पत्र्याला हात लावत नाहीत. मालकाची पहिली तक्रार बहुधा याच टप्प्यात येते. पण थर जाड होत जातो तसे हे चट्टे त्यात मिसळून जातात.

हिरवा थर ही पुढची पायरी, आणि हवेत आणखी काही असल्याशिवाय ती येत नाही. हा थर तांब्याच्या कार्बोनेटचा, म्हणजे मॅलाकाइट खनिजाच्या जातीचा, अशी समजूत बराच काळ होती. ब्रिटनमध्ये डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन आणि एल. व्हिटबी यांनी १९२९ पासून जुन्या छपरांवरचे थर खरवडून त्यांचे पृथक्करण केले, तेव्हा ती मोडीत निघाली. शहरांतल्या हिरव्या थरात मुख्यतः तांब्याचे बेसिक सल्फेट सापडले, आणि छप्पर जितके जुने तितकी त्याची घडण ब्रोकॅन्टाइट या खनिजाच्या जवळ गेलेली आढळली. समुद्राला लागून असलेल्या ठिकाणी अटॅकॅमाइटसारख्या क्लोराइडांचा वाटा वाढलेला होता. कार्बोनेट थोडेच निघाले. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट राहिल्याने जो हिरवा कळक चढतो, तो याहून निराळा. तो सेंद्रिय आम्लांच्या क्षारांचा असतो, सहज विरघळतो आणि पोटात गेला तर बाधतो. छपरावरचा थर पाण्यात फारच कमी विरघळतो आणि धातूला घट्ट धरून राहतो. तांब्याचे छप्पर टिकते ते या थरामुळे.

ही गोष्ट रसायनशास्त्राच्या आधी अनुभवाने कळली होती. १९०६ साली स्वातंत्र्यदेवतेला रंग देण्याची चर्चा निघाली तेव्हा लोकांनी विरोध केला, आणि अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनीही पाहणी करून हा थर धातूचे रक्षण करतो असाच निर्वाळा दिला. पुढे १९८४ ते १९८६ या काळात पुतळ्याची मोठी दुरुस्ती झाली. तिच्या निमित्ताने बेल लॅबोरेटरीजमधील टी. ई. ग्रेडेल, के. नासाऊ आणि जे. पी. फ्रेनी यांनी तांब्यावरच्या थरांचा कसून अभ्यास केला आणि १९८७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दुरुस्तीसाठी जुन्या हिरव्याशी जुळणारा पत्रा हवा होता. तो या प्रयोगशाळेच्या स्वतःच्या जुन्या छपरावरून काढून दिला गेला. नैसर्गिक हिरव्या रंगाची तंतोतंत नक्कल करणे किती कठीण आहे, हे सांगायला एवढे उदाहरण पुरे आहे.

व्हर्नन यांनी तपासलेल्या छपरांवर गंधक आले होते ते मुख्यतः कोळशाच्या धुरातून. लंडनच्या १९५२ च्या जीवघेण्या धुक्यानंतर ब्रिटनने १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा केला. १९८० नंतर युरोप आणि अमेरिकेतले सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन ८० टक्क्यांहून जास्त घटले. लोकांच्या फुफ्फुसांसाठी ही फार मोलाची गोष्ट झाली. पण तांब्याचे हिरवे होणे मात्र लांबले. औद्योगिक हवेत पाच ते सात वर्षे, ग्रामीण हवेत दहा ते चौदा, आणि अगदी कोरड्या प्रदेशात कदाचित कधीच नाही, हा जुना ठोकताळा व्यावसायिक पुस्तिकांमध्ये अजून छापला जातो. त्याचा शेवटचा भाग आजही खरा आहे. पहिल्या दोन आकड्यांमागची हवा मात्र आता राहिलेली नाही.

कोणकोणती पृष्ठे मिळतात

गिरणीतून येतो तसा कोरा पत्रा हा सर्वांत जुना आणि साधा पर्याय. युरोपात छपरांसाठी साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर जाडीचा पत्रा वापरतात, ०.६ मिलिमीटरचा एक चौरस मीटर पत्रा सुमारे ५.४ किलो भरतो. कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने आधीच तपकिरी केलेला पत्रा हा दुसरा, आणि तांब्याच्या क्षारांचा थर चढवून आधीच हिरवा केलेला पत्रा हा तिसरा. टेकू आणि नॉर्डिक या नावांनी युरोपीय कंपन्या हे दोन्ही प्रकार विकत आल्या आहेत.

करडा रंग हवा असेल तर कथिलाचा थर दिलेला पत्रा मिळतो. आपल्या घरातल्या कल्हईच्या पातेल्याचेच हे मोठे रूप; पावसात त्याची चकाकी जाऊन तो निस्तेज करडा होतो. अमेरिकेत पूर्वी या कामासाठी शिसे चढवलेला पत्रा लोकप्रिय होता, कारण त्यावरून ओघळणारे पाणी दगडावर हिरवे डाग कमी पाडत असे. शिशाच्या विषारीपणामुळे तो मागे पडला आणि जस्त-कथिलाच्या थराने त्याची जागा घेतली.

मिश्रधातूंचा विचार वेगळा करायला हवा. पितळ काळानुसार तपकिरी होते, तर ब्राँझ लालसर तपकिरीवरून गडद कोळसारंगाकडे जाते. तांब्यात ॲल्युमिनियम आणि जस्त मिसळलेला सोनेरी मिश्रधातू मात्र चकाकी गमावूनही बराच काळ सोनेरी राहतो. युरोच्या १०, २० आणि ५० सेंटच्या नाण्यांचा धातू याच कुळातला, त्यात ८९ टक्के तांबे असते. ज्यांना हिरवा रंग नको आहे त्यांच्यासाठी लाखेपेक्षा हा मार्ग अधिक भरवशाचा आहे, असे माझे मत आहे. याची कारणे पुढे येतील.

तीन भूमिका

पहिली भूमिका वाट पाहणाऱ्यांची. कोरा पत्रा लावा आणि बाकीचे हवेवर सोडा, असे ही मंडळी म्हणतात. लेप नाही म्हणून लेपाची देखभाल नाही. ओरखडा पडला तरी तो आपोआप भरून येतो. आणि इमारतीवर तिच्या जागेची खूण उमटते. सॅन फ्रान्सिस्कोचे डी यंग संग्रहालय हर्झोग आणि डी म्यूरॉन या स्विस वास्तुविशारदांनी याच विचाराने २००५ साली तांब्यात मढवले. छिद्रे पाडून आणि उठाव काढून बनवलेले हजारो पत्रे हळूहळू हिरवे होऊन गोल्डन गेट पार्कच्या झाडीत मिसळून जातील, अशी कल्पना त्यामागे होती. यावरचा आक्षेप सरळ आहे. ज्या मालकाने हिरव्या इमारतीचे चित्र पाहून पैसे दिले, त्याने दशकानुदशके तपकिरी भिंत पाहत बसायचे का? आणि उभ्या भिंतीवर ओलावा टिकतच नाही, तिथे हिरवे येईल याची हमी कोण देणार?

दुसऱ्या भूमिकेचा उगम याच आक्षेपात आहे. रेन्झो पियानो यांनी ॲमस्टरडॅमच्या बंदरात बांधलेले नेमो विज्ञान केंद्र १९९७ साली खुले झाले ते पहिल्या दिवसापासून हिरवे होते. आधीच हिरव्या केलेल्या पत्र्यावरचा थर नैसर्गिक थराच्याच जातीच्या क्षारांचा असतो आणि पुढे तोही ऊन-पावसात बदलत राहतो, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे. जुन्या हिरव्या छपराला नवा तुकडा जोडताना तर दुसरा व्यवहार्य मार्ग उरत नाही. विरोधकांच्या मते हा रंग फार एकसारखा असतो. उतार, दिशा, वळचण यांनुसार नैसर्गिक थरात जे फरक पडतात ते त्यात नसतात. शिवाय पत्रा दुमडताना काठावरची भुकटी झडते. जागेवर रसायन फवारून हिरवा केलेला पत्रा तर पुष्कळदा ठिकठिकाणी सोलवटतो. अशी फवारणी बाहेरच्या मोठ्या पृष्ठांसाठी टाळावी, यावर दोन्ही बाजूंच्या लोकांचे बऱ्यापैकी एकमत आहे.

तिसरी भूमिका बदल थांबवू पाहणाऱ्यांची. मीस व्हान डेर रोह यांच्या न्यूयॉर्कमधील १९५८ च्या सीग्रॅम इमारतीच्या बाहेरच्या ब्राँझच्या पट्ट्या हिरव्या होऊ नयेत म्हणून त्या नियमित स्वच्छ करून त्यांना तेल लावले जाते. तेलाऐवजी पारदर्शक लाखही देता येते. आंतरराष्ट्रीय तांबे संशोधन संघटनेच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात तयार झालेली इन्क्रालॅक ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. तिच्यात ॲक्रिलिक रेझिनबरोबर बेंझोट्रायझोल हे गंजरोधक असते. बाहेरच्या उन्हापावसात ती काही वर्षे चांगली टिकते. पण एकदा का ओरखडा पडला की ओलावा लाखेखाली शिरतो आणि डाग आतून पसरत जातो. मग सगळी लाख काढून पुन्हा द्यावी लागते. प्रवेशद्वार, कठडे, नामफलक अशा हाताला लागणाऱ्या भागांवर हे परवडते. वीस मजल्यांच्या भिंतीवर नाही.

पहिल्या दोन भूमिका वाटतात तितक्या विरोधी नाहीत. आडव्या किंवा उतरत्या छपराला कोरा पत्रा आणि उभ्या भिंतीला तयार पृष्ठ, ही वाटणी दोघांनाही मान्य होण्यासारखी आहे.

उतार, पागोळ्या आणि शेजारचे धातू

रंगाच्या वादात मागे राहणारी पण इमारतीचे आयुष्य ठरवणारी बाजू म्हणजे जोडकाम. बहुतेक तांब्याची छपरे हवेने खराब होत नाहीत, ती चुकीच्या जोडकामाने खराब होतात.

पाणी जिथे रेंगाळते तिथे रंग लवकर येतो, जिथून ते झरकन निथळते तिथे उशिरा. म्हणून एकाच इमारतीचे घुमट, उतार आणि भिंती वेगवेगळ्या वेगाने बदलतात. पण रेंगाळणे आणि सतत एकाच जागी ठिबकणे यांत अंतर आहे. वर लाकडी फळ्यांचे किंवा कौलांचे छप्पर आणि खाली तांब्याची पन्हळ अशी रचना असेल, तर पागोळ्या रोज त्याच बिंदूंवर पडतात. पाणी जरा आम्लधर्मी असले, आणि लाकडावरून येणारे तसे असते, की त्या बिंदूंवर थर धरतच नाही. तिथे पत्रा उघडा, चमकदार राहतो आणि झिजत जाऊन शेवटी आरपार जातो. जुन्या डांबरी आवरणावरून येणारे पाणीही असेच घातक, कारण उन्हाने डांबर कुजताना त्यातून आम्ले सुटतात. तांब्याच्या वरच्या बाजूला डांबरी आवरण येऊ देऊ नये, हा नियम त्यातूनच आला.

दुसरा धोका शेजारच्या धातूंचा. तांबे तुलनेने कमी क्रियाशील असल्याने ओलाव्यात लोखंड, जस्त किंवा ॲल्युमिनियम त्याच्याशी भिडले की झीज त्यांची होते. स्वातंत्र्यदेवतेच्या आतला लोखंडी सांगाडा असाच गंजला. तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये लाखेत भिजवलेले ॲस्बेस्टॉस घातले होते, पण ते काळाच्या ओघात झिजून गेले. दुरुस्तीत लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या आणि मध्ये टेफ्लॉन घातले. प्रत्यक्ष स्पर्शही लागत नाही. तांब्याच्या छपरावरून निथळलेले पाणी खालच्या जस्ती पत्र्यावर पडत राहिले तरी त्याला भोके पडतात. उलट क्रम, म्हणजे वर जस्त आणि खाली तांबे, चालतो.

उष्णतेने होणारे प्रसरणही विसरून चालत नाही. दहा मीटर लांबीचा पत्रा ६० अंशांच्या फरकात सुमारे १० मिलिमीटर लांबतो. आपल्याकडच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर पहिला वळीव कोसळतो तेव्हा असा फरक काही मिनिटांत पडू शकतो. खिळे ठोकून जखडलेला पत्रा अशा वेळी फुगतो आणि सांध्यात फाटतो. म्हणून उभे सांधे आणि सरकत्या पकडी वापरतात.

वाहून जाणारे तांबे

स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इंगर ओडनेवाल वॉलिंडर, क्रिस्टोफर लायग्राफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छपरांवरून ओघळणारे पाणी वर्षानुवर्षे गोळा करून मोजले. तिथल्या हवेत दर चौरस मीटरमागे वर्षाला साधारण एक ते दोन ग्रॅम तांबे पाण्याबरोबर जाते. त्यातला फार मोठा भाग वाटेतल्या मातीत, चुनखडीत आणि काँक्रीटमध्ये अडकतो, हेही त्यांनी दाखवले. उभ्या पृष्ठांवरून उतारापेक्षा बरेच कमी वाहते. पाऊस जितका आम्लधर्मी तितके जास्त वाहते. सोनेरी मिश्रधातूतून शुद्ध तांब्यापेक्षा कमी तांबे सुटते.

हा एकच आकडा दोन्ही बाजू आपापल्या परीने वाचतात. दोन ग्रॅम म्हणजे पत्र्याच्या जाडीत वर्षाला पाव मायक्रॉनहून कमी, त्यामुळे छपराच्या दृष्टीने नगण्य. पण दोनशे चौरस मीटरच्या छपरावरून हेच तांबे वर्षाला दोनशे ते चारशे ग्रॅम होते. विरघळलेले तांबे शेवाळ, छोटे जलचर आणि माशांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही अपाय करू शकते. छपराचे पाणी बागेच्या मातीत मुरत असेल तर प्रश्न जवळपास मिटतो. गटारातून थेट ओढ्यात किंवा खाडीत जात असेल तर तो खरा आहे.

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो शहराने सॅन फ्रान्सिस्को खाडीचे पाणी डोळ्यांपुढे ठेवून २००३ पासून नव्या तांब्याच्या छपरांवर आणि पन्हळींवर बंदी घातली, ऐतिहासिक इमारती वगळून. तांबे उद्योगाचे म्हणणे असे की शहराच्या पाण्यातले बरेच तांबे वाहनांच्या ब्रेकमधून येते. हे खोटे नाही. कॅलिफोर्नियाने २०१० साली ब्रेकमधल्या तांब्यावरही कायद्याने मर्यादा आणल्या. पण एक स्रोत मोठा आहे म्हणून दुसरा मोजायचा नाही, हे पटणारे नाही. सरसकट बंदीपेक्षा पाणी कुठे सोडायचे याची अट घालणे मला अधिक न्याय्य वाटते.

आपल्या पावसाळ्याचे काय

आतापर्यंतची बहुतेक मोजमापे समशीतोष्ण हवामानातली आहेत, जिथे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो. कोकणात आणि मुंबईत तो चार महिन्यांत कोसळतो. बाकीचे आठ महिने पत्र्यावर समुद्राचे मीठ आणि धूळ साचत राहते. पहिल्या सरींबरोबर हे सारे एकदम धुऊन निघते, म्हणजे वाहून जाणाऱ्या तांब्याचा मोठा वाटा जूनच्या सुरुवातीलाच जात असण्याची शक्यता आहे. चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक केंद्रांच्या परिसरात कोळशाचे गंधक आहे आणि हवा कोरडी. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गंधक कमी आणि मीठ भरपूर. एकाच राज्यात तांब्याचे दोन वेगळे रंग दिसावेत, इतका हा फरक आहे.

आपल्याकडे अनुभव नाही असे नाही. केरळ आणि कर्नाटकच्या किनारपट्टीवरील मंदिरांची उतरती छपरे पिढ्यान्‌पिढ्या तांब्याच्या पत्र्याने मढवली गेली आहेत, आणि ती धो धो पावसात उभी आहेत. ते पत्रे बदलताना त्यांची जाडी, त्यांवरचा थर आणि झिजलेल्या जागा पद्धतशीर नोंदवल्या गेल्या, तर युरोपातल्या कोणत्याही तक्त्यापेक्षा ती माहिती आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांनी घडवलेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा २०१८ पासून नर्मदेकाठी ब्राँझच्या आवरणात उभा आहे. मुंबईत दादरला इंदू मिलच्या जागेवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ३५० फुटी पुतळ्यालाही ब्राँझचेच आवरण योजले आहे, आणि तेही अरबी समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. ही पृष्ठे कशी बदलतील हे लंडन किंवा स्टॉकहोमच्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही. म्हणून राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी दादर, रत्नागिरी, पुणे आणि चंद्रपूर अशा ठिकाणी तांबे, ब्राँझ आणि सोनेरी मिश्रधातूचे नमुना पत्रे आडवे, तिरपे आणि उभे लावावेत, त्यांवरून ओघळणारे पाणी प्रत्येक पावसाळ्यात मोजावे आणि ते आकडे जाहीर करावेत. खर्च थोडा आहे, आणि काम येत्या पावसाळ्याआधी सुरू करता येण्यासारखे आहे.